हवालदारकाकांची साक्ष

हवालदारकाका वर्दीत असताना कुणाच्या घरी बसत नसत. पाणीसुद्धा उभ्यानेच प्यायचे. "बसलं का इस्तरी मोडते," म्हणून हसायचे. सुटीच्या दिवशी मात्र पायजम्यावर आमच्या ओसरीतल्या बाजेवर पसरत. त्यांची आणि आमची भिंत एकच होती.

थोरली पोर नर्सिंगला गेली आणि त्यांच्या सुट्या संपल्या. इतवारी बाजारातल्या एका साडीवाल्या शेठच्या गोदामावर ते साध्या कपड्यांत राखणीला बसू लागले. पोलिसाला अशी खासगी नोकरी मना होती. बाबांनी हटकलं, तर म्हणाले, "सारेच करून राहिले गा. पोरीले शिकवाचं हाये नं."

एका दुपारी शेठच्या पुतण्याने लुगड्यात खोट काढली आणि म्हाताऱ्या विणकराला काठीने बडवलं. काकांनी धावत जाऊन काठी हिसकावली, पण तोवर म्हाताऱ्याचा हात मोडला होता. बाहेर थांबलेली त्याची बायको ओरडा ऐकून आत धावली. शेठ शांतपणे म्हणाला, "हवालदार, तुम आज यहाँ थे ही नहीं. घर जाओ."

काका मुकाट घरी आले. जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते चौकीत असतानाच विणकराची बायको तक्रार घेऊन आली. म्हातारा जिन्यावरून पडला, असं शेठचा माणूस आधीच सांगून गेला होता. "मारताना कोणी पाहिलं?" साहेबांनी विचारलं. बाईने काकांकडे बोट केलं.

"हे तं होते नं जी तेथं!"

साहेबांनीच त्यांना सावरून घेतलं. "बाई, तुमची ओळखण्यात चूक होत असेल."

"नाही साहेब," काका म्हणाले. "होतो मी. मारताना पाह्यलं."

"तिथे काय करत होतात, तेही लिहावं लागेल."

"लिहा."

पुतण्यावर गुन्हा दाखल झाला. काकांच्या फिती उतरल्या, साधा शिपाई म्हणून मौद्याला बदली झाली. चौकशीच्या धाकाने बाकीच्या पोलिसांचीही अशी खासगी कामं सुटली, त्यामुळे निरोपाला चौकीतलं कुणी आलं नाही.

निघायच्या दिवशी काकू दारात उभ्या होत्या. आई हळहळली, "घरचा विचार करायला हवा होता हो त्यांनी."

"रातभर जागेच होते," काकू म्हणाल्या, "पण मले काही सांगतलं नाही. सांगतलं असतं तं म्या पोरीची आण घातली असती. ठाऊक होतं त्यायले."

मग पदर खोचून त्यांनी ट्रंकेची एक कडी धरली, दुसरी काकांनी.