मुखरूभाऊंची बेरीज

मुखरूभाऊ पंचवीस वर्षं ग्रामपंचायतीत शिपाई होते. कुणाच्या घराचा नंबर काय, हे झोपेतून उठवलं तरी सांगतील. चिमूरच्या बाजूचं आमचं गाव जंगलाला चिकटून आहे. मे महिन्यात तेंदूपानं तोडायला सगळं गाव पहाटे आत जातं आणि दहाच्या आत परततं. वाघ आहे, म्हणून रस्त्याच्या तोंडाशी मुखरूभाऊ वही घेऊन बसतात. आत जाताना ज्याला त्याला नंबर, बाहेर आल्यावर त्यावर टिक.

दोन वर्षांपूर्वी एका बाईनं मागे राहिलेल्या मैत्रिणीचाही नंबर सांगून टाकला. ती मैत्रीण संध्याकाळी बेशुद्ध सापडली. तेव्हापासून भाऊंनी नियम केला. येताना नंबर सांगायचा नाही. आपल्या नंबरात त्याचेच अंक मिळवायचे आणि ती बेरीज सांगायची. सत्तेचाळीसवाली सांगणार अठ्ठावन्न, कारण सत्तेचाळीसात चार आणि सात मिळवले. दुसरीची बेरीज कोण कशाला पाठ करेल? मग भाऊ मनातल्या मनात उलटा हिशेब करून मूळ नंबर शोधणार. बेरजा वहीत लिहून ठेवा, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "मले काऊन लिवा लागते? डोस्कं हाये ना." अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

तरी खरं सांगते, निन्याण्णव माणसांपर्यंत ती युक्ती एकदाही चुकली नाही. शंभरावी आली रिना, गिरजाबाईची नवी सून. त्या दिवशी तिची पहिलीच फेरी होती.

माझा नंबर एक्क्याण्णव. साडेनऊला डोक्यावर गाठोडं आणि तोंडाला दुपट्टा अशी मी भाऊंपुढून गेले आणि "एकशे एक" म्हणाले. त्यांनी वर न पाहता टिक केली. घरी येऊन मी दार लावलं, कूलर लावला आणि झोपले.

पुढचं मला नंतर कळलं. साडेदहाला वहीत एकच नंबर उरला, एक्क्याण्णव. कुणीतरी माझं दार वाजवून गेलं, पण कूलरच्या आवाजात मला ऐकूच आलं नाही. दहा-बारा माणसं काठ्या आणि वाजवायला डबे घेऊन मला शोधायला तलावाकडे गेली, कारण मी तिकडेच पानं तोडते. तेवढ्यात गिरजाबाई आली.

"माई सून आली का, मुखरूभाऊ?"

भाऊंनी वही पाहिली. "आली ना बाई. शंभरावर टिक हाये. बसली असन कुठी पानाचे पुडे बांधत."

गिरजाबाई परत गेली. वहीत आहे म्हणजे आलीच असणार.

बाराला मी हापशीवर गेले, तर शेजारची आशाबाई मला पाहून कळशी सोडून धावत आली. सगळं गाव मला हुडकतंय हे तिनं सांगितलं, आणि माझं डोकं फिरलं. तशीच भाऊंकडे गेले.

"मले काऊन शोधून राह्यले? मी तुमच्यासमोर एकशे एक बोलली."

"एकशे एक शंभरवालीचे. शंभरात एक."

"अन् माये? एक्क्याण्णवात नऊ अन् एक मिळवा."

ते बोटांवर मोजायला लागले. हा माणूस बोटांवर मोजतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं. दोन नंबरांची बेरीज एकच येऊ शकते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. शंभरावं माणूस येईपर्यंत तशी बेरीज कधी आलीच नव्हती. मग माझ्याही लक्षात आलं, की शोध सुरू होऊन दीड तास झाला आणि रिना अजून आत आहे. मी तशीच तलावाकडे धावले आणि मला शोधणाऱ्यांना रिनाच्या शोधाला वळवलं.

ती दीड वाजता नाल्यापलीकडे मोहाच्या झाडावर सापडली. खाली रेतीत वाघाचे पंजे उमटले होते. तिला उतरवलं तिच्या नवऱ्यानं, राजदीपनं. तोही इतका वेळ तलावाकडे मलाच शोधत होता. तिचे हात सोलले होते, आवाज फुटत नव्हता. गिरजाबाईनं तिला पाणी पाजलं. मागून मुखरूभाऊ धापा टाकत आले.

त्यांना पाहून रिना म्हणाली, "मी जास्त भेली नाई, मामाजी. मले मालूम होतं, तुमी मोजान, एक कमी निघन, अन् सारे धावत याल."

गिरजाबाईनं माझ्याकडे बोट केलं.

"एक कमी निघाली होती, पोरी. पन ते तू नाई, हे होती."