तीन कौल

सोक-हुनवहिनीला आमच्या गल्लीत कुणी कधी भांडताना पाहिलं नाही, आणि तिथेच तिचा घात झाला. आमच्या बेटावरच्या जपानी अमदानीतल्या त्या सरकारी लाकडी घरात तिचा सारा संसार झाला. नवरा किम-हाई लाकूड वाहणाऱ्या डोंगररेल्वेवर होता. दरड कोसळली, तो खाली गेला, प्रेत हाती लागलंच नाही. पुजाऱ्याने घंटा वाजवत, हाका मारत त्याचा आत्मा डोंगरावरून आणला आणि या घराच्या कोनाड्यात, त्याच्या फोटोपाशी बसवला. तेव्हापासून ती दोन्ही वेळा उदबत्ती लावायची. म्हणायची, "त्यांना एवढं एकच दार ठाऊक आहे."

मग सगळ्यांना वारशाचा पुळका आला. निवृत्त मास्तर लाऊ गुरुजींनी आम्हा शेजाऱ्यांचं स्वयंसेवक मंडळ काढलं. घर गावासाठी जपायचं, अगदी जपान्यांनी सोडलं तसं. वहिनीने शहरात मुलीकडे, चौथ्या मजल्यावर जायचं, हेही आम्हीच ठरवून टाकलं. पण मृताला हलवायचं तर त्याचा कौल लागतो. लाकडाच्या दोन चंद्रकोरी टाकायच्या. एक उताणी, एक पालथी पडली की होकार. मोठ्या कामाला असे तीन लागोपाठ हवेत.

वहिनीने विचारलं, मुलीकडे येता का? दोन्ही पालथ्या पडल्या. पुन्हा टाकल्या, पुन्हा पालथ्या. तिचा चेहरा उजळला. ती चंद्रकोरी फडक्यात बांधू लागली, तेव्हा गुरुजी शांतपणे म्हणाले, "नाही म्हणतोय म्हणजे त्याला काहीतरी हवंय, वहिनी. काय ते विचारा."

आमच्यात मेलेल्याशीही घासाघीस चालते. मासा हवा का? नाही. जाळायला कागदी कपडे? नाही. शेवटी गुरुजींनीच प्रश्न सुचवला: तुमचा फोटो कायमचा याच घरात ठेवला तर याल? लागोपाठ तीन होकार पडले. वहिनी रडली, आणि तिने चौकटीतला फोटो दोन्ही हातांनी गुरुजींच्या हवाली केला.

ती गेल्यावर आम्ही तिचं पत्र्याचं स्वयंपाकघर पाडलं. धुराने काळं झालेलं छत घासून काढलं आणि वर एकमेकांची पाठ थोपटली. पुण्य करायला निघालेल्या माणसासारखा निर्दय माणूस नाही.

उद्घाटनाला वहिनी ठेवणीतले कपडे घालून आली. बाकीच्यांसारखीच रांगेत उभी राहिली, चपला काढून आत आली. कोनाड्यात फुलदाणी होती. जपानी साहेब गेल्यापासून हे घर ओस पडलं होतं, असं गुरुजी पाहुण्यांना सांगत होते. ती प्रत्येक भिंत पाहत फिरली, आणि मग तिने हळूच फोटोचं विचारलं.

गुरुजींनी भिंतीतल्या कपाटाचं सरकतं दार उघडलं. झाडू आणि फिनेलच्या बाटलीमागे किम-हाई भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"त्या काळाचा नाही ना हा, भिंतीवर विजोड दिसतो," गुरुजी म्हणाले. "पण घरातच आहे. आम्ही शब्द मोडलेला नाही."

"मग मला द्या. मी नेते."

"कसा देऊ? कायमचा ठेवू, असं तुम्हीच विचारलंत. त्याने तीनदा हो म्हटलं. आता नेलात तर तो बिचारा कुठला राहील?"

तिला ते पटलं, हेच मला अजून सहन होत नाही. तिने फोटो क्षणभर छातीशी धरला, पुसला, तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवला आणि म्हणाली, "दार तेवढं बोटभर उघडं ठेवाल?"

गुरुजी हो म्हणाले. ती उंबऱ्याबाहेर चपला शोधत होती, तेव्हा त्यांनी ते पायाने सरकवून लावून टाकलं.