न झडणारं भात

केसरबाईचं शेत उरणजवळ, खाडीच्या बांधाला लागून. बांध फुटल्यापासून त्या खाऱ्या जमिनीत जुन्या तांबड्या भाताशिवाय काही तग धरत नाही, आणि त्याचा दाणा पिकताच चिखलात झडतो. कापायला जावं तर हाती नुसता पेंढा. म्हणून आमच्या संशोधन केंद्राने या भाताचा न झडणाऱ्या वाणाशी संकर करून त्याचे वाफे तिच्याच शेतात लावले. मी तिथला कृषी सहायक, ती रोजावरची बाई. पण काम तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे मी केंद्रातल्या मोठ्या साहेबांच्या तोंडावर बोललोय.

अडचण अशी, की खारं पाणी सोसणारं जनुक आणि दाणा झाडणारं जनुक अगदी शेजारी शेजारी. परागकण घडताना गुणसूत्रं आपसांत तुकडे बदलतात. तो काप नेमका या दोघांच्या मधे पडला, तरच झडणं सुटून खारं सोसणं उरेल. गव्हात गुणसूत्रांच्या जोड्यांवर पहारा ठेवणारं जनुक सापडलंय. ते निकामी केलं की रानगवताचे गुणही गव्हात मिसळता येतात. आमच्या हाती असलं काही नाही. आम्ही रोपं लावायची आणि केसरबाईने एकेक लोंबी तळहातावर आपटून बघायची. अकरा वर्षं ती हेच करत होती, आणि अकरा वर्षं दाणे तिच्या हातावर पडत होते.

यंदा एका रोपाचे पडले नाहीत. तिने त्याला लाल दोरा बांधला, मला बोलावून दाखवलं. दाणे जरा हिरवट होते. "आठ दिवस पिकू द्या," मी म्हणालो. माझीच अक्कल ती.

दसऱ्याला तिचा नवरा बुधाजी ट्रेलर घेऊन गुजरातेतून परतला. ती फुलं आणायला बाजारात गेली होती. नव्या भाताची खीर देवाला दाखवायची घरची रीत, म्हणून तो शेतात गेला आणि एका रोपाच्या चारही लोंब्या बुडापासून कापून आला.

जेवताना तो म्हणाला, "यंदाचा दाना लय चिवट. लोंबी सोडीत नव्हता. सगला उखलान घालून कुटला."

केसरबाईने ताट बाजूला सारलं. "दोरा होता त्याला?"

"व्हय. तूच बांधलेला ना, देवासाठी?"

ती अनवाणी शेतात धावली. कापलेल्या बुडख्याला कधीकधी फुटवा येतो, म्हणून तो तिने मुळासकट उपटून गोड्या पाण्याच्या बादलीत ठेवला. बुधाजी ट्रेलरवर गेलाच नाही, बादलीपाशी बसून राहिला. मीही रोज जाऊन बघायचो. नवव्या दिवशी बुडखा कुजला.

तसा काप पुन्हा कधी पडेल, पडेल की नाही, मला सांगता येत नव्हतं. ती साठीला आलेली. मला तिच्याकडे बघवेना. नोंदवही काढून मी त्या रोपाच्या नोंदीपुढे लिहिलं.

"सायेब, काय लिवलंत?"

"नष्ट."

ती म्हणाली, "चव बी लिवा. गोड होता तो भात. आमा दोघांबिगर कोनाला म्हायती न्हाय."