पितरांच्या पानावरची खीर

माधवभटांचं काम जेवण्याचं होतं. रामघाटावर पिंडदान आटोपलं की यजमान घरी नेत आणि दिवंगताच्या जागी त्यांना पाटावर बसवत. ते तृप्त झाले की पितर तृप्त झाले, असा हिशेब. पूर्वी वाटीभर घरची खीर असे आणि जाणं-येणं पायी. मग यजमान मारुती गाडी घेऊन नेऊ लागले, खिरीबरोबर दुकानातली मिठाई पानावर आली आणि पितृपक्षात दिवसाला तीन-तीन घरं होऊ लागली. सत्त्याण्णव साली वजन एकशेआठ किलो भरलं. पाटावरून उठताना दोघांना हात द्यावा लागे.

नानाखेड्याच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहून सांगितलं, "पंडितजी, शुगर तीनशेच्या वर आहे. मीठा बिलकुल बंद. नाहीतर डोळे जातील, पाय जातील."

"डॉक्टरसाब, मग मी खाऊ काय, आणि घर चालवू कशावर?"

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या.

त्या पितृपक्षात विनोदिनीबाईंकडे त्यांच्या यजमानांचं पहिलं वर्षश्राद्ध होतं. माधवभट ठरवून गेले होते, गोडाला हात लावायचा नाही. बाईंनी खीर वाढली आणि शेजारी पाच गुलाबजाम ठेवले.

"बाई, गोड नको. प्रकृतीला चालत नाही."

बाई वाढता वाढता थांबल्या. "यांनाही शुगरच होती हो. शेवटची दोन वर्षं मी एक गुलाबजाम दिला नाही. मागत होते, तरी दिला नाही. आज तुमच्या तोंडून तरी जाऊ दे."

माधवभटांनी पाचही खाल्ले. पाक ओठाला चिकटत होता आणि बाई समोर बसून डोळे पुसत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "तृप्त झालात?" ते म्हणाले, "तृप्तोऽस्मि."

त्या हिवाळ्यात चप्पल लागून अंगठ्याला जखम झाली. ती कळलीच नाही. पायमोज्याला डाग दिसला तेव्हा बायकोच्या, सुलूच्या लक्षात आलं. अंगठा कापावा लागला.

पुढच्या वर्षी विनोदिनीबाईंचा निरोप आला. माधवभट स्वतः काठी टेकत जाऊन म्हणाले, "विधी सगळा करतो. पानावर फक्त वरणभात घेईन."

बाई हळूच म्हणाल्या, "मंत्र कोणीही म्हणेल, भटजी. मला जेवणारा हवाय. तुम्हाला नको असेल तर दुसरे बघते. राग नाही माझा."

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं. सुलू म्हणाली, "जाऊ नका."

"आज यांना नाही म्हटलं, तर उद्या बाकीचेही दुसरा भटजी बघतील. बावन्न वर्षांच्या माणसाला दुसरं काय येतं?"

सुलूने गोळ्यांची पट्टी त्यांच्या पिशवीत ठेवली.

श्राद्धाच्या दिवशी पाटावर बसता येईना म्हणून बाईंनी खुर्ची दिली. त्यांनी गोळी गिळली, आचमन केलं आणि खिरीची वाटी जवळ ओढली.