भाऊ शहाणा ठरला

माझ्या लग्नासाठी आईने माझ्यापेक्षा जास्त तयारी भावाची करून घेतली. तो माझ्याहून मोठा, पण समज चार वर्षांच्या लेकराची. घरात येडा आहे म्हटल्यावर पोरीला स्थळ कुठून येणार? म्हणून पाहुणे यायच्या आधी त्याला इस्त्रीचा सदरा घालून आई पढवायची, "कुनी काहीबी इचारलं तर 'व्हय जी' म्हन. दुसरं बोलू नको." पाहुण्यांनी विचारलं, यंदा हळदीचं पीक बरं आहे ना? व्हय जी. सासरे खूश झाले आणि मी आखाडा बाळापूरकडची पोर कनेरगाव नाक्याला नांदायला आले.

पुढे माहेरच्या गावात एका लहान पोरीचा खून झाला. पोलिसांनी भावाला उचललं. तूच मारलंस ना? व्हय जी. कोर्टात न्यायाधीशांनी एकेक पुरावा वाचून 'हे खरं का' विचारलं, तिथेही तेच. फाशीची शिक्षा झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी म्हणत नाही. तो चोर की संन्यासी हे मलाही ठाऊक नाही. पण त्याने हो म्हटल्यावर शोधायची तकलीफ कोणीच घेतली नाही, याचा मला संताप येतो. त्या पोरीच्या आईला तरी खरं कुठे कळलं?

अपिलाचे वकील म्हणाले, "तो लहानपणापासून असाच होता, हे सांगणारं कोणीतरी हवं. एकट्या बहिणीचं कोण ऐकणार?" डॉक्टरला कधी दाखवलंच नव्हतं. दाखवलं असतं तर गावभर झालं असतं. मी दारोदार फिरले. जी शेजारीण "येड्याजवळ जाऊ नका रे" म्हणत लेकरं ओढून न्यायची, तीच उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "काहून येडा? चांगला शहाना व्हता." सगळ्या गावाचं तेच. येडा म्हटलं तर सुटेल, ही त्यांना भीती.

उरली आई. मी तिच्यापुढे हात जोडले. "आई, एकदा खरं सांग. त्याचा जीव वाचंल."

"जल्मभर लोकायनं येडा म्हनलं, मी म्हनू दिलं न्हाई. आता मीच म्हनू?"

मला तिचा राग आला, अजूनही आहे. वकिलांनी विचारलं तेव्हा पदर सावरत ती म्हणाली, "माझा पोरगा शहाना हाय, साहेब."

माझ्या भावाबद्दल गावाचं आणि आईचं पहिल्यांदाच एकमत झालं. त्या एकमतावर तो फासावर जाणार आहे.