सात वाट्यांतला गुर्दा

४ ऑगस्ट २०२४, रविवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. कार्ले फाट्यावरच्या मटणाच्या दुकानापुढे माझा क्रमांक तेविसावा होता. इतरांच्या हातात डबे होते. माझ्या हातात बर्फाची पेटी, सलाईनची बाटली आणि सिरिंज होती.

दुसऱ्या दिवसापासून श्रावण लागणार होता. माझ्या संशोधनाच्या वेळापत्रकात वीज जाण्याचे तास धरले होते, रसायने उशिरा पोहोचण्याचे दिवस धरले होते. मावळात जन्मून आणि वाढून श्रावण मात्र मी विसरले होते. महिनाभर दुकानात बोकड कापला जाणार नव्हता. हॉटेलांसाठी पुण्याहून जे साफ केलेले मटण येते, त्यात धमनी शाबूत असलेला गुर्दा कधीच नसतो. माझ्या पीएचडीच्या समितीकडे पाठवलेल्या अहवालात या अडचणीला मी ‘ऋतुमानानुसार उपलब्धता’ असे भारदस्त नाव दिले.

मी बोकडाच्या गुर्द्याच्या, म्हणजे मूत्रपिंडाच्या, धमनीतून साबणासारखे द्रावण कित्येक दिवस संथपणे सोडते. पेशी धुऊन जातात आणि मागे पांढरट, अर्धपारदर्शक सांगाडा उरतो. आकार तोच, वाहिन्यांचे जाळेही तेच, आत मात्र कोणी नाही. पुढे कधीतरी अशा सांगाड्यात रुग्णाच्याच पेशी वाढवून त्याला अवयव देता यावा, अशी आशा आहे. समितीला महिनाअखेर असे तीन सांगाडे हवे होते, आणि प्रत्येकात उरलेला डीएनए कोरड्या वजनाच्या मिलिग्रॅममागे पन्नास नॅनोग्रॅमच्या आत. माझ्याकडे दोन होते. तिसरा मी घाईने पंपाचा दाब वाढवून स्वतःच्या हाताने फोडला होता. तो वेळेत पुन्हा झाला नाही, तर पुढच्या टप्प्याची परवानगी वर्षभर लांबणार होती.

दुकानाचे चाचा मला शाळेपासून ओळखतात.

“डॉक्टरीणबाई, आज जमायचं न्हाई,” ते सुरीवरून नजर न काढता म्हणाले. “समदे बोकड वाट्याचे हायेत.”

“अजून डॉक्टर झाले नाही, चाचा.”

“मग तर मुळीच जमायचं न्हाई.”

वाट्याचा बोकड सात घरे मिळून घेतात आणि त्यातले सारे काही, गुर्द्यापर्यंत, सात सारख्या ढिगांत पडते. पुढचा बोकड आमच्याच आळीचा होता. एक वाटा माझ्या वडिलांचा होता आणि वाटपाची जबाबदारी शेजारच्या आबांची. खंडाळ्याच्या एका बंगल्याची राखण करून ते निवृत्त झालेले.

“आबा, एक गुर्दा अख्खा मिळेल का?”

“दोन गुर्दे, सात वाटे. तू शिकल्याली, तूच हिशेब कर.”

“कापलेला चालत नाही. आणि वरची नळी बोटभर लांब हवी.”

“नळीबी पायजे? चाचा, हिला कातडंबी बांधून द्या.”

रांग हसली. मी ठरवल्याप्रमाणे दोन मिनिटांत प्रक्रिया समजावून सांगितली. आबांनी मान डोलावली.

“म्हंजी रिकामा बंगला. मान्सं गेली तरी भिती हुब्या. पन समदी गेली, ह्ये तुला कसं कळतं?”

“मोजून. पन्नासच्या खाली आले की रिकामा.”

“पन्नास ऱ्हायले तरी रिकामा? आमचा मालक येक उंदीर दिसला तर मुंबईहून फोन करायचा.”

या शंकेला माझ्याकडे संदर्भासह उत्तर होते. पण मागून आमच्या आळीतल्या मावशींनी तोंड घातले. “द्या की वो आबा. पोरीचं लगीन तर हुईना, ह्ये तरी हुंद्या.” या युक्तिवादाला शास्त्रीय आधार शून्य होता. परिणाम मात्र तत्काळ झाला. रांगेत उभ्या असलेल्या सहाही घरांनी होकार दिला. अट एकच, आमच्या वाट्याची कलेजी त्या सहा घरांत जाईल. वडिलांना न विचारता मी कबूल केले.

चाचांची सवय गुर्दा चरबीतून एका हिसक्यात ओढायची. त्या दिवशी त्यांनी अख्खी रांग थांबवली, धमनी बोटभर राखून सावकाश कापली आणि वर “गलका करू नका, आपरेशन चाललंय” अशी तंबीही दिली. मी तिथेच नळीत सुई घालून, पाणी नितळ येईपर्यंत सलाईन सोडले.

दुपारी वडिलांनी पातेल्यात तीनदा पळी फिरवली. “कलेजी कुठाय?”

“संशोधनाला गेली.”

त्यांनी होता तो रस्सा वाढून घेतला. श्रावणभर मात्र भेंडीच्या भाजीवर बसलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते सांगत राहिले, “आमच्या घरून विज्ञानाला देणगी गेलीय.”

अकराव्या दिवशी गुर्दा पांढरा झाला. कडेचा तांदळाएवढा तुकडा काढून, सुकवून मोजला. आकडा आला त्र्याहत्तर. समितीची बैठक पंधरा दिवसांवर आली होती. हात पंपाच्या बटणाकडे गेला आणि तिथेच राहिला. दाब वाढवला तर दोन दिवस वाचले असते, किंवा सांगाडाच गेला असता, आणि दुसरा मिळणे आता शक्य नव्हते. मी दाब होता तसाच ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. हे कौशल्य माझ्या परिचयपत्रात नाही.

संध्याकाळी फाट्यावर आबा भेटले. “ग्येले का भाडेकरू?”

“थोडे आहेत अजून.”

“दमानं घे. वळकटी बांधायला येळ लागतो मान्साला.”

पुढचा आकडा एकसष्ट आला, त्यानंतरचा चोपन्न. समितीसाठी अहवाल छापताना तिसऱ्या रकान्यात मी मोकळी जागा सोडली. बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला शेवटचा तुकडा यंत्रात ठेवला. पडद्यावर उमटलेला आकडा आधी वहीत शाईने लिहिला, मग त्या मोकळ्या जागेत: ४८.७.