बायजाचा डाग

गुंद गावच्या बायजाचा डाग चार गावांत चालायचा. कावीळ असो, नाहीतर बैलाचा सुजलेला खांदा, ती विळ्याचं टोक चुलीत लाल करायची, अंगावर टेकवताना एक डोळा बारीक करायची आणि दरडावायची, "हूं! हलू नगंस. वरडलास की डाग वाया!" मिशाळ गडीसुद्धा गपगार.

१९९१ साली तिच्याच मानेवर गाठ आली. शहरातल्या दवाखान्यात किरणं देऊन झाली, गाठ हटेना. मग डॉक्टर म्हणाले, किरणांच्या जोडीला उष्णताही देऊ. तापल्या लोखंडाखाली मांस आधी लाल होतं, मग पांढरं, मग मरतं. हे बायजाइतकं कुणी पाहिलं होतं?

"जाळताय व्हय मला?"

"छे छे, अज्जीऽ," डॉक्टरांनी नाकात सूर लावला. "फक्त त्रेचाळीस अंश, तासभर. चांगलं मांस तापलं की तिकडं रक्त धावतं, उष्णता वाहून नेतं. गाठीतल्या शिरा वेड्यावाकड्या. तिथली उष्णता तिथंच कोंडते, गाठ आतच शिजते म्हणा ना."

'शिजते' ऐकून बायजानं गाठ हातानं झाकली.

"ताप मोजायला गाठीत सुई घालू, पण ती एकाच जागेचा ताप दाखवते. दुसरीकडं भाजलं तर लगेच ओरडायचं हं!" डॉक्टरांनी बजावलं.

"वरड गं आये," लेक पारू म्हणाली. "हितं गुंदातलं कोण हाय ऐकायला?"

मानेवर पाण्याची पिशवी, तिच्यावर उष्णता देणाऱ्या यंत्राची चपटी डबी. घूंऽऽ सुरू झालं. आधी उन्हासारखं वाटलं. मग कानामागं एक टाचणीएवढी जागा पेटली. बायजानं दात आवळले. वरडलं की वाया. गाठ तशीच राहील आणि आपण मरू.

जागा रुपयाएवढी झाली. आणि एकदम तिला गावातला लखू आठवला. डाग देताना तो हूं की चूं करत नव्हता म्हणून तिनं विळा तसाच दाबून धरला होता. त्याची पोटरी महिनाभर सडली. 'लई धीराचा गडी' असं ती सगळ्यांना सांगत हिंडली होती. तो ओरडला असता, तर तिनं विळा उचलला असता.

"आये गंऽऽ! भाजलं, भाजलं!"

खट्कन बटण बंद झालं, घूं थांबलं. डॉक्टरांनी डबी जराशी सरकवली. "वेळेवर सांगितलंत, अज्जी. अजून चाळीस मिनिटं आहेत. करू सुरू?"

बायजानं पारूचं मनगट घट्ट धरलं.

"करा. पर तुमचा हात बटणावरनं हालवू नगा."